जबडा आवळला की

मी बोलतोय, पण मी तुम्हाला दिसणार नाही. एका बाईंच्या खालच्या जबड्यात, हिरडीच्या आत रुतून बसलेला टायटॅनियमचा स्क्रू आहे मी. माझ्या डोक्यावर बसवलेली पांढरी दाढ तेवढी लोकांना दिसते. तिच्यावर पडलेला सगळा जोर माझ्यावर येतो, आणि माझ्यावरून हाडावर.

कारखान्यात माझे आटे पाडले, अंग मुद्दाम खरखरीत केलं. हाडाला धरायला जागा हवी ना! डॉक्टरांनी मला पिळून बसवलं तेव्हा मी अगदी परका होतो. मग हळूहळू हाड माझ्याकडे वाढत आलं आणि त्यानं मला घट्ट धरलं. इतकी माया मला कुणी लावली नव्हती.

भीती सुरू झाली ती नंतर.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती मऊ पडदा असतो. जोर जास्त झाला की तो दुखतो आणि माणूस सावध होतो. माझ्याभोवती तसं काही नाही. बाई दात आवळतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही.

बाई अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेतात. कानाला हेडफोन, आवाज एकदम शांत. ऑफिसात सगळे त्यांना ‘बर्फताई’ म्हणतात.

"दादा, मी फोनवरच आहे. वहिनींचा श्वास चालतोय का बघा."

पलीकडे माणूस बघायला जातो. आवाज थांबतो. त्या शांततेत बाईंचे दात एकमेकांवर दाबले जातात, शिवाय थोडे आडवेही घासतात. सरळ जोर मी झेलतो हो. आडवा आला की मी कलायला बघतो आणि माझ्या मानेपाशी हाडाची कड चेपली जाते.

घरी सासूबाई म्हणायच्या, "अगं, टीव्ही बघताना तरी दात सोड. कुणाला चावायला निघालीस?" बाई हसायच्या. हसताना दात सुटायचे, तेवढाच मला विसावा.

हाड मात्र मागे सरकत होतं. माझा वरचा आटा उघडा पडला, मग त्याखालचा. आणखी किती सरकणार? ओरडायला मला तोंड नव्हतं. होतं ते बाईंचं, आणि ते घट्ट मिटलेलं.

एका दुपारी फोन चालू असताना टक् झालं. दाढ हलली. बाईंनी आधी फोन पुरा केला, मगच गालाला हात लावला.

"दात आवळता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो! मी तर एकदम शांत असते."

डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरला. "ही काळी फट दिसते? इथे हाड होतं."

बाईंचा चेहरा उतरला. "परत येईल?"

"ते सांगता येत नाही. आहे तेवढं जपायचं. हाडातला स्क्रू अजून पक्का आहे; त्यावर दाढ धरून ठेवणारा दुसरा बारीक स्क्रू सैल झालाय, तो बसवतो. दाढही थोडी घासतो. पण तोंड मिटलेलं असतानाही दात एकमेकांना लागू देऊ नका."

सांगणं सोपं होतं. दुसऱ्याच दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. बायको निपचित पडली होती. बाई सांगत होत्या तसे ते तिची छाती दाबत होते. मध्येच त्यांचा श्वास फुलला. "बाई, मला हे जमेलसं वाटत नाही. तुम्हाला भीती नाही का हो वाटत?"

दात जुळत आले होते. मी अंग चोरलं.

"वाटतेय, बाबा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. "खूप वाटतेय. पण मी आहे इथे. दाबत राहा. मोठ्यानं मोजा, मीही मोजते."

त्या मोजत राहिल्या आणि प्रत्येक आकड्याला जबडा उघडत गेला. माझ्यावरचा भार उतरला. हाडावरचा ताणही सैलावला.

गाडी पोचली, फोन कटला. आजी वाचल्या का, ते कळलं नाही. त्या खोलीत ते बहुतेकदा कळतच नाही.

हाड अजून मला धरून आहे, पण किती दिवस, ते मला माहीत नाही. आता पुन्हा फोन वाजतोय. पलीकडे कुणीतरी नुसतं रडतंय. वरचे दात जवळ येताहेत.

बोला, बाई. भीती वाटते म्हणा, काहीही म्हणा, पण तोंड उघडा.