चार विटांची जागा

मी कोनाडा बोलतोय. उभ्याने शोधलंत तर सापडणार नाही. जरा खाली बसा.

बाकीचं घर विटा रचून झालं, मी विटा न रचल्यामुळे झालो. बांधकाम चालू होतं तेव्हा घरच्या बाई मिस्त्रीला म्हणाल्या, "इथे चार विटांची जागा सोडा. जमिनीपासून हातभरच वर."

"एवढ्या खाली? दिवा काय मांजर लावणार?"

"माझी लेक लावेल. तिला उभं राहता येत नाही."

 माझी कमान मिस्त्रीने साऱ्या घरात सर्वांत निगुतीने वळवली.

लेक उभी राहीपर्यंत दिवा चुकवायचा नाही, असा बाईंचा नेम होता. लेक कधीच उभी राहिली नाही, पण दिवाही चुकला नाही. आई गेल्यावरही ती सरकत सरकत येऊन लावायची. माझं कपाळ काजळीने काळं झालं.

तीही गेली. घर विकलं, खोल्यांची ऑफिसं झाली. माझ्याशेजारी झेरॉक्सचं मशीन आलं. मला तीनदा पांढरा रंग दिला; तिन्ही वेळा काजळी वर आली. डाग सगळ्यांना दिसतो, तो कशाचा हे कुणी विचारत नाही.

विचारलं ते फरशी पुसणाऱ्या मावशींनी. बसून पुसताना मी त्यांच्या डोळ्यांसमोरच यायचो. त्यांचे यजमान इस्पितळात होते. ऑफिसात ज्योत लावायला बंदी, म्हणून मावशींनी माझ्यात नुसता मातीचा दिवा आणि कोरडी वात ठेवली. "लावता येत नाही, देवा. एवढं गोड मानून घे."

डागाला कंटाळून साहेबांनी मला बुजवायला सांगितलं. नवा मिस्त्री आला.

"दोन दिवस थांबता का हो? उद्या यांचं ऑपरेशन आहे."

"मावशी, भिंत सपाट दिसली की साहेब खूश. आत कोण डोकावतंय? राहू द्या तुमचा दिवा."

त्याने माझ्या तोंडावर विटांचा एकच पातळ थर रचला.

आता नुसता अंधार. सकाळी फडक्याचा आवाज येतो, माझ्यापाशी थबकतो. मध्ये सहा दिवस आलाच नाही. आज आला. बातमी बरी की वाईट, विटेतून कळत नाही. आज थबकला मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ.

कधी झेरॉक्स काढायला आलात, तर वाकून भिंतीवर बोट वाजवा. पोकळ वाजेल. रिकामं आहे असं म्हणू नका. आत वात आहे.