तळाच्या ओळीतल्या सिस्टर

मी एक पोस्टर. सिनेमाचं नव्हे हो, संशोधनाचं. पाच फूट उंच, तीन फूट रुंद, गुळगुळीत कागद. सध्या एका टेबलावर उताणा पडलोय. चारी कोपऱ्यांवर रंगाचे डबे ठेवलेत, त्यामुळे गुंडाळून घेऊन तोंड लपवायचीही सोय नाही. आणि खरं सांगतो, लपवावंसं फार वाटतंय.

माझा जन्म छापखान्यात झाला असं मी सगळ्यांना सांगायचो. ते काही खरं नाही. माझा जन्म झाला एका वॉर्डात, सलाइनच्या रिकाम्या खोक्यांपासून.

त्या वॉर्डात एक सिस्टर होत्या. महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पाठीला जखमा होतात. दर दोन तासांनी कूस बदलली की त्या टळतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे विसरतात. सिस्टरनी खोक्यांचे पुठ्ठे कापून घड्याळं केली आणि प्रत्येक खाटेच्या पायाशी एकेक बांधलं. कूस बदलली की काटा पुढे सरकवायचा. वॉर्डातले लोक हसले. "सिस्टर, शाळा उघडली की काय?" सिस्टर म्हणाल्या, "हो, आणि तुम्ही सगळे नापास आहात." आठ महिने त्या एका जुन्या डायरीत नोंदी करत होत्या. जखमा तिसऱ्या हिश्श्यावर आल्या. माझ्या अंगावरचा एकूण एक आकडा त्या डायरीतला आहे.

माझी मालकीण तेव्हा तिथे शिकाऊ डॉक्टर होती. ती या कामात आली शेवटच्या तीन आठवड्यांत. तक्ते मात्र तिनं मन लावून केले, खोटं कशाला बोलू?

मग नावं घालायची वेळ आली. पहिलं नाव तिचं. दुसरं तिच्या मित्राचं, ज्यानं त्या वॉर्डाचं दारही पाहिलं नव्हतं. त्यांच्यात तशी देवाणघेवाणच चालते: तू तुझ्या पोस्टरवर माझं घाल, मी माझ्या पोस्टरवर तुझं घालते. तिसरं नाव मोठ्या सरांचं. त्यांनी मला एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "रंग छान आहेत." सिस्टरांचं काय, असं तिनं विचारलं होतं, हेही सांगायला हवं. "आभारात टाका की," सर म्हणाले. टाकलं. अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'वॉर्ड क्रमांक पाचच्या सिस्टरांचे आभार.'

परिषदेत मी दुपारभर ऐटीत उभा होतो. लोक थांबायचे, घड्याळाच्या कल्पनेला वा म्हणायचे, आणि ती लाजून "थँक यू" म्हणायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, ते आम्ही दोघं.

पुढे मला त्याच वॉर्डाबाहेर भिंतीवर लावलं. एका दुपारी सिस्टर साध्या साडीत आल्या, काठी टेकत येणाऱ्या आईला घेऊन.

आईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "कुठंय गं तुझं नाव?"

"वर नाही आई, खाली." सिस्टर गुडघ्यांवर बसल्या आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. आईला वाकता येईना. "तूच वाच, मी ऐकते."

सिस्टरनी वाचलं. आई म्हणाली, "अगं, पण यात तुझं नाव कुठंय?"

"असं काय करतेस? सिस्टर म्हणजे मीच ना!"

आणि त्या हसल्या. मनापासून हसल्या हो. त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीला रंग द्यायचा म्हणून मला उतरवलं, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. तेव्हापासून मालकिणीच्या घरी कपाटामागे पडून होतो.

आज सकाळी तिनं मला बाहेर काढलं. पुढच्या शिक्षणासाठी परदेशातल्या मोठ्या रुग्णालयात रेसिडेन्सीची जागा हवी, तर अर्जासोबत सीव्ही लागतो. गेल्या वर्षी तिला कुठेच जागा मिळाली नाही, 'संशोधन' या मथळ्याखाली कोरं होतं. यंदा तिथे एकच ओळ होती: माझं शीर्षक, आणि पुढे 'मुख्य लेखिका'. अर्जाची मुदत आज संध्याकाळपर्यंत. शीर्षक अचूक उतरवायला तिनं मला बाबांच्या टेबलावर पसरलं.

तिचे बाबा पाट्या रंगवतात. अक्षर दिसलं की ते वरपासून खालपर्यंत वाचणारच. चष्मा नाकावर ओढून ते तळापर्यंत आले आणि थांबले.

"हे घड्याळ कोणाच्या डोक्यातलं गं?"

"सिस्टरांच्या."

"आणि मोजलं कोणी?"

"त्यांनीच. पण बाबा, सगळे असंच करतात."

"करत असतील. मी पंचवीस वर्षं लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवतोय. एकीवरही माझं नाव नाही, त्याचं मला काही नाही. पण पाटी आपणच रंगवली असं कुठला दुकानदार सांगत फिरला नाही."

तिचे कान लाल झाले. तिनं तिरमिरीत सीव्हीवरची ती ओळच खोडून टाकली. "झालं? आता तरी खोटं नाही ना?"

"खोटं गेलं," बाबा म्हणाले, "पण पोस्टरच वगळलंस, तर ती बाई आता आभारातूनही गेली. नाव काय तिचं?"

वर्षभर ज्यांच्या हातचा चहा प्यायली, त्यांचं नाव तिला माहीत नव्हतं. आणि मला? सगळं अंग छापलेलं, पण मलाही नव्हतं.

तिनं फोन लावला. हातात पेन होतं, म्हणून फोन स्पीकरवर टाकून माझ्याच अंगावर ठेवला.

"सिस्टर, तुमचं पूर्ण नाव सांगाल का?"

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "का हो डॉक्टर? माझी काही तक्रार आली का?"

पोरगी रडली. रडतरडतच तिनं सगळं सांगितलं, माफी मागितली. सिस्टर म्हणाल्या, "अहो, तुमच्या उपयोगी पडत असेल तर राहू द्या की तुमचंच." ती म्हणाली, "नाही सिस्टर. नाव सांगा." मग त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून नाव सांगितलं.

आता सीव्हीवर कल्पना आणि नोंदी त्यांच्या नावावर आहेत, तक्ते तेवढे हिच्या. अर्ज गेला. एवढ्याशा ओळीवर जागा मिळेल का, कोण जाणे. सरांचा फोन येईल त्याची धास्ती आहे ती वेगळीच.

माझ्या माथ्यावर बाबांनी सिस्टरांच्या नावाची एक रंगवलेली पट्टी चिकटवलीय, वितीएवढ्या अक्षरांची. ती वाळेपर्यंत मी असाच पडून राहणार. पट्टीखाली नावांचा जुना क्रम तसाच आहे, तो मला आतून टोचतो, टोचू दे.

फोन ठेवता ठेवता सिस्टर म्हणाल्या होत्या, "पोस्टरवर घालणार असाल तर अक्षर जरा मोठं ठेवा. आईला वाकता येत नाही."

म्हणून एक विनंती आहे. मला पुन्हा त्या भिंतीवर लावाल तेव्हा जरा खाली लावा, त्या आईच्या नजरेसमोर. तळाची ओळ फरशीला टेकली तरी चालेल.