खालून दुसरा खण

मी एक जुना लाकडी खण आहे, चोवीस खणांच्या कपाटातला खालून दुसरा. मित्रांनो, अंगात आता त्राण उरलेले नाही. बोलता बोलता मधेच थांबलो तर रागावू नका.

आम्ही चोवीस भावंडे एकाच सुताराच्या हातची. माझ्या वेळी त्याला बहुधा जेवायची घाई झाली असावी, कारण मी एका बाजूने जरा रुंद झालो. "घासून घासून बसेल," असे म्हणून तो निघून गेला. मी काही बसलो नाही. पहिल्या दिवसापासून अडतच राहिलो आणि लाथा खात राहिलो.

आमच्या खोलीत एक भाऊ आणि त्याची बहीण शब्दांची मुळे शोधत बसत. हजारो वर्षांपूर्वी एक भाषा होती म्हणे. तिच्यातले अक्षरही कुणी लिहून ठेवले नाही, पण तिच्या लेकी-नाती अर्ध्या जगात नांदत आहेत. नातवंडांच्या नाकाडोळ्यांवरून न पाहिलेल्या पणजीचा चेहरा काढावा, तसे हे दोघे 'माता', इंग्रजी 'मदर', फारसी 'मादर' असे शब्द शेजारी शेजारी मांडून त्यांचे मूळ रूप काढत. त्या रूपाआधी तांबड्या शाईची एक चांदणी असे. हे कुणी ऐकलेले नाही, हा आमचा अंदाज आहे, अशी ती कबुली होती.

त्यांची रीत ठरलेली होती. एकेका शब्दाची एक चिठ्ठी आम्हा खणांत असे; जे ठरले ते बहिणीने तिच्या पुढच्या बाजूला लिहायचे आणि भावाने मागच्या बाजूला शंका काढायच्या.

"तू बांध, मी हलवून बघतो," तो म्हणे.

"हलवून बघतोस की पाडतोस?" ती करवादायची. पण दुसऱ्या दिवशी चिठ्ठी सुधारलेली असे.

ती वर्षे चांगली गेली. लांबून माणसे येत, कपाटावरून हात फिरवून वाहवा करत. मग भाऊ एका दुपारी खोकत घरी गेला, तो परत आलाच नाही. त्याची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. बहिणीने पुढे एकटीने रेटले, पण मागची बाजू कोरी राहू लागली. तिची नजर अधू झाली, तशी ती यायची थांबली. आमच्यावर धुळीचा थर चढला आणि मला तर लाथ मारायलाही कुणी उरले नाही.

पुष्कळ वर्षांनी तीच मुलगी खोलीत कामाला आली. चिठ्ठ्यांचे फोटो काढून संगणकात भरायचे आणि कपाट मोडीत काढायचे, असे तिला सांगितले होते. पोरगी कामसू. पण एका बाजूला लिहिलेले पाठकोरे कागद पुन्हा वापरायची खोलीची सवय जुनी, म्हणून मागचे लिखाण तिला आधीच्या कुठल्या तरी कामाची रद्दीच वाटले. तिने पुढच्या बाजूंचेच फोटो काढले आणि चिठ्ठ्या पोत्यांत भरून रद्दीवाल्याला दिल्या. तेवीस खण रिकामे झाले. मला तिने तीनदा ओढले, एकदा लाथ घातली आणि म्हणाली, "हा मेला शेवटी बघू."

त्याच आठवड्यात आत्या काठी टेकत आली.

"मागच्या बाजूंचेही काढलेस ना फोटो?"

"मागे काय होतं, आत्या?"

म्हातारी खुर्चीवर बसली. "तुझा बाप होता गं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला ठाऊक असेल. मी सांगायलाच विसरले."

पोरगी रद्दीवाल्याकडे धावत गेली. पोती आदल्या दिवशीच कारखान्यात गेली होती आणि त्यांचा लगदा झाला होता. परतल्यावर ती माझ्यासमोर फतकल मारून बसली, दोन्ही पाय कपाटाला लावले आणि मला ओढले. माझा तळ फुटला. चिठ्ठ्या तिच्या मांडीवर सांडल्या.

वरच्याच चिठ्ठीवर 'दुहिता', 'डॉटर', 'दुख्तर' असे शब्द होते. आत्याने खाली लिहिले होते: गाईचे दूध काढणारी ती दुहिता, असे जुने लोक सांगतात. पोरीने चिठ्ठी उलटली आणि आत्याला दिसत नाही म्हणून मोठ्याने वाचू लागली.

"मला हे पटत नाही. मुलगी दूध काढणारी असती, तर आमच्या लेकीने आज सव्वीस चिठ्ठ्यांवर ते सांडले नसते. पुरावा सोबत."

कोपऱ्यात पिवळा डाग होता.

"आत्या, मी इथे यायचे?"

"रोज. त्याच्या मांडीवर बसायचीस."

पोरीने डागावर बोट ठेवले आणि ती हुंदके देऊन रडली.

मित्रांनो, तेवीस भावंडे गुणी होती, ती सहज उघडली आणि रिकामी झाली. मी अडेलतट्टू, म्हणून माझ्यातले उरले. याचा मला आनंद नाही, नुसता थकवा आहे. मागणे एवढेच की जुने काही टाकण्याआधी ते एकदा उलटून पाहा. आणि ज्यांना मागचे माहीत आहे, त्यांनी नजर शाबूत असतानाच सांगून टाका. आता मला तळ नाही, तरी पोरीने मला टेबलावर ठेवले आहे. ती एकेका चिठ्ठीचे दोन फोटो काढते, आणि मागचा आधी.