हजारावा नग

"मास्तर, पायडल मी एकदाच दाबलं. प्रेस दोनदा आली खाली."

मावशींनी दोन्ही हात काखेत दडपून धरले होते. बारा वर्षं त्या या प्रेसवर पत्र्याच्या चकत्या कापत होत्या. उगाच कांगावा करणारी बाई नव्हे.

सुपरवायझर हसला. "डुलकी लागली असेल. पाय राहिला असेल दाबलेला."

"डुलकी लागली असती तर हात जाग्यावर नसता राहिला."

प्रेसचं नवं कंट्रोल बोर्ड मास्तरांनीच बनवलं होतं. पायडल दाबलं की बोर्डावरची चिप प्रेस खाली सोडणाऱ्या व्हॉल्व्हला विजेचा एक पल्स द्यायची, सेकंदाच्या दहाव्या भागाइतका. तेवढ्यात प्रेस एकदा खाली येऊन वर जायची. पल्स लांबला तर ती थांबणार नव्हती.

"आकडा किती झाला होता, मावशी?"

"नुकताच हजार झाला होता."

प्रेसखाली कुणालाही हात घालू न देता मास्तरांनी पल्स पडद्यावर दाखवणारा स्कोप जोडला, आकडा नऊशे नव्वदवर आणला आणि स्वतः पायडल दाबत राहिले. नऊ वेळा पडद्यावर काडीसारखा बारीक पल्स उमटला. दहाव्या वेळी तो खोक्याएवढा रुंद झाला आणि प्रेस दोनदा आदळली.

हजार नग झाले की प्रोग्रॅम आकडा साठवायला घ्यायचा आणि त्या नादात पल्स बंद करायचं राहून जायचं. चिपमध्ये वेगळा टायमर होता. ते काम त्याच्यावर सोपवलं असतं, तर प्रोग्रॅम कशातही गुंतला तरी टायमरने पल्स वेळेवर तोडला असता. मास्तरांना हे ठाऊक होतं. बोर्ड देण्याची घाई होती, म्हणून वेळ मोजायचं काम त्यांनी प्रोग्रॅमच्याच गळ्यात मारलं होतं. नंतर बदलू, म्हणाले होते.

त्यांनी मेन स्विच पाडला.

"अहो, आज माल जायचाय!" सुपरवायझर ओरडला.

"चूक माझी आहे. मालकांना तसंच सांगा."

असेच आणखी सहा बोर्ड त्यांनी ओळखीच्या कारखान्यांना दिले होते. मास्तर ऑफिसात जाऊन फोनला बसले. पाच ठिकाणी थोडी कुरकुर झाली, पण मशिनी बंद झाल्या. सहाव्या ठिकाणच्या फोरमनने त्यांना मध्येच थांबवलं.

"मास्तर, मागच्या मंगळवारीच झालं हो. नवी मुलगी होती. तीन बोटं गेली." तो खाकरला. "आम्ही तिलाच बोललो. लक्ष नव्हतं तुझं, म्हणून. तीही शेवटी म्हणाली, नसेल माझं लक्ष. कामावरून काढलं तिला."

पलीकडे प्रेस अजून चालू होती. तिचे ठोके फोनवर स्पष्ट ऐकू येत होते.

"आधी ती बंद करा," मास्तर म्हणाले. ठोके थांबेपर्यंत त्यांनी रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरला. मग समोरचा कागद ओढला.

"तिचा पत्ता सांगा. चूक तिची नव्हती, हे मी सहीनिशी लिहून देतो. तुमच्या मालकांनाही आणि तिलाही."

फोरमनने पत्ता सांगितला. मास्तरांनी तो सावकाश, सुवाच्य अक्षरात उतरवला.

"पण तिला पत्र नका पाठवू, मास्तर," फोरमन म्हणाला. "रजिस्टर पत्र पोस्टमनपुढे सही करून घ्यावं लागतं. बोटं गेली ती उजव्या हाताची."

"बरं," मास्तर म्हणाले. "मग मी जातो."

त्यांनी फोन ठेवला आणि खुंटीवरचा शर्ट काढला. बटणं लावायला त्यांना बराच वेळ लागला.