डेकला न लागलेला हेडफोन

"हे घ्या तुमचं यंत्र," म्हणत सुलेमानने खोका काउंटरवर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. "माज्या डेकला लागत नाय."

काउंटरमागच्या नमिताने हातातलं मिक्सरचं भांडं खाली ठेवलं. चारच दिवसांपूर्वी तिने हा बिनवायरचा हेडफोन या सत्तरीच्या गृहस्थाला विकला होता. तिने त्याला ओळखलं आणि तिचा चेहराच उतरला.

"काय झालं चाचा? चालू होत नाय का?"

"चालू होतो. निळा दिवा लुकलुकतो. नुसता लुकलुकून काय उपेग? डेक माजा समोर, हा कानाला, नि दोगांची वळखच नाय!"

"डेक म्हणजे... ब्लूटूथवाला ना?"

"मस्कतवाला," सुलेमान म्हणाला. "दोन कॅसेटींचा. हे एवढे कमरेइतके स्पीकर."

नमिताने कपाळाला हात लावला. मिक्सर बघायला आलेली बाई फिस्सकन हसली, आणि सुलेमानचं डोकं आणखीच तापलं.

आता सुलेमान असा तापणारा माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडा आणि अष्टमीत कुणालाही विचारा. सलामाला सलाम आणि 'बरे आहात का'ला 'अल्लाची मेहरबानी', एवढ्या भांडवलावर त्याचा अख्खा दिवस निघतो. सव्वीस वर्षं तो मस्कतला पाण्याच्या पंपांवर मेकॅनिक होता. पंपघरात अशी घरघर चाललेली असायची की तोंडाने बोलून काही उपयोग नसे, माणसं हाताच्या खुणांनीच काम करायची. तीच सवय घेऊन स्वारी घरी परतली. पाणी हवं तर पेल्याकडे बोट, जेवण झालं की ताटावरून हात. बायको खतीजा आल्यागेल्याला सांगायची, "ह्यांना सोडताना कंपनीने तोंड तेवढं ठेवून घेतलं."

पण हाच माणूस एके काळी अर्धा-अर्धा तास अखंड बोलत असे. फक्त कॅसेटवर.

त्या काळी मोहल्ल्यातले निम्मे बापे आखातात होते आणि फोन कुणाकडेच नव्हता. पत्र लिहायला आणि वाचायला तिसरं माणूस लागे, म्हणून लोक कॅसेटवर बोलायचे आणि गावी जाणाऱ्याच्या बॅगेत ती टाकायचे. सुलेमान आणि खतीजा यांच्यात मात्र एकच कॅसेट होती. एका बाजूला ती बोलायची, दुसऱ्या बाजूला तो. कॅसेट आली की तो तिचं ऐकायचा, मग आपल्याच मागच्या बोलण्यावर नवं बोलून परत धाडायचा. तीही तेच करायची. अहो, मस्कतच्या बाजारात कोऱ्या कॅसेटींचे ढीग लागलेले असत! पण पहिल्यापासून हीच चाललीय, हीच चांगली पोचते, तर कशाला बदला, असं दोघांच्याही मनाने घेतलेलं. चौदा वर्षांचं बोलणं त्या दोघांनी असं आपल्याच हातांनी पुसून टाकलं. पुढे फोन आले. फोनवर मिनिटं पळायची, म्हणून 'पोरं बरी? अम्मी बरी? ठेवतो' एवढ्यावर काम भागायला लागलं. कॅसेट थांबली, आणि तिच्यावर दोघांचं एकेक शेवटचं बोलणं तेवढं शिल्लक राहिलं.

त्यातली सुलेमानची अर्ध्या तासाची बाजू खतीजा अजून ऐकायची. तांदूळ निवडायला सूप घेतलं की डेक सुरू. सुलेमान समोर बसलेला असला तरी सुरू. "हा माणूस बोलतो तरी," असं वर त्यालाच ऐकवायची.

गेल्या वर्षापासून तिचे कान चालले. उजवा तर गेलाच. डेकचा आवाज वाढवत वाढवत असा झाला की मागच्या घरातली बतूल भिंतीवरून म्हणाली, "सुलेमानभाय, मस्कतच्या रूमवर तुमी डाळ कशी करपवली ते आमाला आता पाठ झालं." आणि तो सगळा गडगडाट खतीजाला मात्र नुसता गुणगुणल्यासारखा यायचा. चार दिवसांपूर्वी तो तिला पेणला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन आला. डाव्या कानात थोडं उरलंय, तेही जाईल, कधी ते सांगता येत नाही, मशीन लावून फारसा फरक पडायचा नाही, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं. खतीजाला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "मग तुमचा तो बोलणं एकदा मना नीट आयकवा. मग गेलं कान तरी चालंल."

म्हणून एसटी स्टँडकडे जाता जाता सुलेमान या दुकानात शिरला होता. त्याने जाड पिनचा हेडफोन मागितला होता, कारण डेकला तसंच भोक आहे. तर ही नमिता म्हणाली होती, "वायरवाला आता कोण घेतं चाचा? हा घ्या, घरातल्या सगळ्या सिस्टीमला लागतो." त्याने दोनदा विचारलं, तिने दोनदा हो म्हटलं. मग चार दिवस तो डेकसमोर मांडी घालून बसला. आयुष्यभर पंप खोलून जोडणारा माणूस, पण हेडफोन जोडायचा तरी कुठे, हेच त्याला सापडेना. खतीजा बिचारी हेडफोन चढवून बसायची आणि थोड्या थोड्या वेळाने विचारायची, "लागला काय?" तिच्या त्या विचारण्याने त्याच्या जिवाचं पाणी व्हायचं.

गल्ल्यावरून दुकानाचे मालक प्रवीणशेठ उठून आले. खोका उघडलेला आहे हे त्यांनी लांबूनच पाहिलं.

"उघडलेला माल परत होत नाय, काका. पाटी लावलीय बघा. हां, पीसमध्ये खोट असेल तर बोला."

सुलेमानने नमिताकडे पाहिलं. आता ही बोलेल, खरं काय ते सांगेल, असं त्याला वाटलं. ती खाली मान घालून खोक्याचं झाकण लावत होती.

"मी चेक करते शेठ," एवढंच ती म्हणाली.

तिने सुलेमानचा मोबाईल मागून घेतला, त्यात काहीबाही दाबून हेडफोन त्याला जोडला, त्यावरून स्वतःला एक मिस्ड कॉल दिला, हेडफोन सुलेमानच्या कानांवर बसवला आणि मोबाईल त्याच्या हातात दिला. "फोन येईल, हिरवं दाबा." असं म्हणून ती फ्रिजच्या रांगेमागे दिसेनाशी झाली. लगेच फोन वाजला. त्याने हिरवं दाबलं.

"चाचा, ऐकू येतंय?"

सुलेमान दचकला. पोरगी फ्रिजमागे आणि आवाज थेट डोक्याच्या मधोमध.

"येतंय."

"चाचा, चूक माझी हाय," आवाज म्हणाला. "तुमी दोनदा विचारलंत. डेक कसला, किती जुना, मी विचारायलाच पायजे होतं. महिना संपत आला होता, विक्री कमी होती, मी बोलून गेले हो. शेठच्या समोर माझ्या तोंडातून निघत नाय, म्हणून इथून बोलते. माफ करा मला."

मघाशी हीच पोर काउंटरवर मिठाची गुळणी धरून बसली होती, आणि चार फ्रिज मध्ये आल्याबरोबर कशी घडाघडा बोलली! अरे, हे दुखणं तर आपल्या घरचंच, असं त्याला वाटलं. समोर बसून जमत नाही आणि आडून बोलता येतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? त्याचा राग निघून गेला. राग गेला आणि त्या जागी एक कल्पना येऊन बसली. ती इतकी साधी होती की चार दिवसांत आपल्याला सुचली कशी नाही, म्हणून त्याला स्वतःचंच हसू आलं.

"पीस एकदम चांगला हाय," त्याने शेठना सांगितलं.

शेठ खूश होऊन गल्ल्यावर गेले. नमिता फ्रिजमागून आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती हळूच म्हणाली, "जाड पिनचा वायरवाला मी मुंबईवरून मागवते. मंगळवारपर्यंत येईल. तुमी परत एवढे लांब नका येऊ, माझी मावशी रोह्याला असते, मीच आणून देते. हा ठेवून जा, शेठना मी सांगते काय ते."

"तो मागव. पन हा मी नेतोय."

"चाचा, हा डेकला नाय लागणार. खरंच सांगते."

"नको लागू दे," सुलेमान म्हणाला. "बाय, अल्ला तुजं भलं करो."

"मी चूक केली नि तुमी दुवा देताय!"

"व्हय," सुलेमान म्हणाला. त्याच्या मानाने आज तो फारच बोलला होता.

परतीच्या एसटीत वडखळपासून नागोठण्यापर्यंत त्याने काय काय बोलायचं ते मनात लावून घेतलं आणि रोहा येईपर्यंत सगळं विसरला. घरी पोचला तेव्हा तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज होऊन गेली होती. खतीजा ओटीवर भाजी निवडत बसली होती. त्याच्या हातात तोच खोका बघून तिचं तोंड पडलं.

"घेतला नाय ना परत? मी बोलले व्हते."

त्याने हेडफोन तिच्या कानांवर चढवला, आपला मोबाईल तिच्या मांडीवर ठेवला, हिरव्या खुणेवर बोट दाखवलं आणि तिचा मोबाईल उचलून तो मागीलदारी गेला. शेवग्याखाली उभं राहून त्याने तिच्या मोबाईलमध्ये आपला नंबर शोधला. नात माहिराने आजीच्या जुन्या डायरीवरून नावं भरून दिली होती, त्यामुळे त्याचं नाव कुठे सापडेना. डायरीत त्याचा नंबर बदलला होता, पण नंबरापुढे नाव अजून 'मस्कत' हेच होतं. परत येऊन त्याला पंधरा वर्षं झाली होती. तो त्या नावाकडे बघत राहिला आणि मग त्याने ते दाबलं.

"हॅलो!" खतीजा ओरडली. तिचा आवाज फोनमधूनही आला आणि घरावरूनही आला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा, हे कळत नाही.

"खतीजा," तो म्हणाला. घसा खाकरून तो म्हणाला, "आयकू येतंय काय?"

"येतंय! साफ येतंय! कॅसेट लावलीत?"

"कॅसेट नाय. मी हाय. शेवग्याखालून बोलतोय."

"मग हितं येवून बोला की!"

"हितं मना जमत नाय, तुला म्हायत हाय."

आणि सुलेमान बोलू लागला. आधी दुकानातलं सांगितलं, त्या पोरीने फ्रिजमागून मागितलेली माफी सांगितली. खतीजा मोठ्याने हसली. तिचं हसू ऐकून त्याला धीर आला आणि तो वाट फुटेल तसा बोलत सुटला.

"एक बोलायचं राहून गेलंय गो. ज्या साली आपल्या घरात नदीचं पाणी भरलं, त्या साली तू कॅसेटवर काय बोललीस म्हायत हाय? 'यंदा पाऊस बरा झाला.' बस. मग कोंबडीची पिल्लं, पोरांचे नंबर, नि सगल्यांचे सलाम. मी सुट्टीवर यायच्या आदी तू भिंतींना चुनापन मारून घेतलास. सात वर्सांनी मना शेजारच्या मुआजने सांगितला, का तू माज्या अम्मीला पाठीवर घेवून कमरेइतक्या पाण्यातून मुआजच्या माळ्यावर नेलीस. नि परत येवून दोगं पोरं नेलीस. दोन दिवस तितंच बसलीस. ते तू मना कलू दिला असतास, तर मी काम टाकून पलून आलो असतो. तू कलू दिला नायस, म्हनून माजी नोकरी राह्यली, पोरं शिकली, हे घर उभं राह्यलं. मना मुआजने सांगितला त्या दिवसापासून तुजे आबार मानायचे व्हते. रोज वाटायचं आज बोलू. नाय निघालं तोंडातून. आज बोलतोय. लई उपकार झाले गो तुजे, खतीजा. आयकू आला काय?"

सुलेमानने मागच्या खिडकीतून ओटीकडे पाहिलं. खतीजाने ओढणी हेडफोनवरून घट्ट ओढून घेतली होती आणि दोन्ही कान दोन्ही हातांनी दाबून धरले होते. मांडीवरची भाजी खाली सांडली होती.

"पाऊस बराच झाला व्हता त्या साली!" ती एकदम ओरडली. "भात काय थोडं झालं?"

भिंतीपलीकडून बतूल म्हणाली, "काय गो खतीजा, कुनाशी भांडतेस?" खतीजाला ते ऐकू गेलं नाही.

"नि अम्मी जड नव्हती," खतीजा म्हणाली. हे मात्र ती किती हळू बोलली, तिलाच कळलं नसेल. सुलेमानला ते फोनमुळेच ऐकू आलं. "हलकी व्हती अम्मी. मना कायपन झाला नाय."

सुलेमानने डोळे पुसले.

"थांबलात कशाला?" ओटीवरून पुन्हा मोठा आवाज आला. "बोला!"

शेवग्याच्या बुंध्याला टेकून तो खाली बसला आणि पुढचं बोलू लागला.