उडवलेली बातमी

साडेनऊला टाकलेली बातमी सव्वाअकराला माणसाच्या जिवावर उठली होती, आणि ती लिहिणारी दीपिका सेलूच्या ऑफिसात बसून निवांत पोहे खात होती.

फोन आला देवगाव फाट्यावरच्या दत्ताचा. त्याचं तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दीपिकाच्या 'पाणंद न्यूज' या मोबाइलवरच्या चॅनलला अधूनमधून फोटो पाठवायचा आणि बातमीखाली आपलं नाव दिसलं की दिवसभर हवेत असायचा. "ताई, तुमची टोळी घावली! कॅनॉलच्या पुलापाशी. दीड-दोनशे माणूस जमलंय. लाइव्हला या लवकर, न्हाईतर म्हातारं काय हाती लागत न्हाई!" मागं गलका चालला होता. गलक्यात एक लेकरू रडत होतं, आणि त्याहूनही मागं मेंढ्या ओरडत होत्या.

मेंढ्या? मुलं पळवणाऱ्या टोळीकडं मेंढ्या कशाला असतील?

तिनं सकाळचा फोटो पुन्हा उघडला. परभणीच्या कुठल्याशा ग्रुपवरून फिरत आलेला. तट्टावर सामानाची वळकटी, वळकटीवर तीन-चार वर्षांची पोरगी फडक्यानं आवळून बांधलेली, रडवेली, आणि लगाम धरून एक दाढीवाला म्हातारा. खालचा भाग कोणीतरी कापलेला. कापलेल्या भागात काय होतं ते आता फोनवर ऐकू आलं होतं. अहो, मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारी माणसं लेकराला अशीच बांधतात, चालता चालता झोपेत खाली पडू नये म्हणून. हे साऱ्या दुनियेला ठाऊक नसेल, पण दीपिकाला चांगलं ठाऊक होतं. तिच्या बापानं, मल्हाररावानं, मेंढ्या विकून सेलूत घर केलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्याआधी तीही अशीच बांधलेली हिंडली होती.

फोटो पाहताना ती बांधणी ओळखीची वाटली होती तिला. खोटं कशाला बोला? वाटली होती. पण दुसऱ्या चॅनलनं आधी टाकलं तर, या धास्तीनं तिनं ते तसंच दाबलं. 'मुलं पळवणारी टोळी तालुक्यात?' असा मथळा केला. शेवटी प्रश्नचिन्ह ठोकलं की आपल्या अंगाला काही लागत नाही, ही संपादक-मालक माणिकरावांची शिकवण. पूर्ण फोटो मागितला नाही, कोणाला साधा एक फोन केला नाही. पोह्यांची बशी तशीच टाकून ती माणिकरावांच्या टेबलापाशी गेली.

"सर, मेंढपाळ आहेत हो ते. लोक मारतील त्यांना."

माणिकरावांनी चष्मा वर केला, गडबडीनं स्वतःच लॅपटॉप ओढला आणि बातमी उडवून टाकली. "झालं. विषय संपला."

"दुरुस्ती टाकू ना. चूक झाली म्हणून लिहू."

"खुळी झालीस काय? चूक झाली म्हणालो की उद्यापासून कोण भरवसा ठेवील आपल्यावर? कोणी विचारलं तर तांत्रिक अडचण म्हणायचं. आणि तू तिकडं जायचं न्हाईस, सांगून ठेवतो."

ती जिना उतरता उतरता पोलीस ठाण्यात फोन लावत होती. गाडी बाहेर गेलीय, लगेच वळवतो, असं तिकडून सांगितलं. लगेच म्हणजे किती, हे विचारायचं तिला सुधरलं नाही. स्कूटी चालवताना सारखी तिची नजर रस्त्यापुढं धावत होती. पुलापाशी पोचू तेव्हा काय बघायला मिळेल? म्हातारा जित्ता असेल का? ते लेकरू? बापरे. समोरून भरधाव येणाऱ्या दोन मोटरसायकली तिला दिसल्या, तेव्हा आपल्या मनात परत फिरायचा विचार येऊन गेला, हे तिचं तिलाच कळलं.

म्हातारा जित्ता होता. रायभान त्याचं नाव. पुलाच्या कठड्याला टेकून खाली बसला होता, पागोटं कुठंच्या कुठं, कानामागून रक्त आलेलं. त्याची बायको भिवराबाई नातीला पोटाशी धरून तट्टाला पाठ लावून उभी होती. मेंढ्या हरभऱ्याच्या मोकळ्या रानात फाकल्या होत्या. आणि भोवती माणसंच माणसं. ओळखीची, रोज रामराम करणारी माणसं, पण आज त्यांचे डोळे काही ओळखीचे नव्हते.

"सोडा त्यांना!" ती आत घुसली. "मेंढपाळ आहेत ते. बातमी चुकीची होती!"

"चुकीची व्हती?" एका धिप्पाड माणसानं मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. "मग गेली कुटं ती? सकाळी व्हती, आता न्हाई. ह्यो बघा सगळ्या ग्रुपांवर फोटो काढून ठिवलाय लोकांनी. चॅनलवाल्यांचं तोंड दाबलंय, दुसरं काय! किती मोठी टोळी असंल, इचार करा!"

"दाबली! बातमी दाबली!" मागून आवाज उठला. दत्ताही ओरडत होता, त्यालाही ते पटलं होतं.

बातमी होती तेव्हा लोकांना निदान शंका होती. ती उडवली आणि खात्री झाली. कोणीतरी रस्त्याकडेचा दगड उचलला. भिवराबाईनं पोरीचं तोंड पदरात झाकलं. रायभान नुसताच हात जोडून बसला होता, कोणाला जोडलेत हेही त्याला कळत नसावं.

काय करावं? ठाण्याच्या गाडीचा पत्ता नव्हता. मोबाइलमध्ये 'पाणंद न्यूज'चं पेज उघडंच होतं. तिनं कॅमेरा स्वतःच्या तोंडावर धरला आणि लाइव्ह सुरू केलं.

"मी दीपिका. सकाळची बातमी मी लिहिली. मी! फोटो कापलेला होता, पूर्ण फोटो मागितला नाही. कुणाला फोन केला नाही. दुसऱ्यांच्या आधी टाकायची घाई होती मला. आणि बातमी कुणी दाबली नाही, आम्हीच उडवली. आमची चूक झाकायला उडवली. ऐकताय का? आमची चूक!"

दगडवाला हात तसाच वर राहिला. गलका कमी झाला, पण धिप्पाड माणूस हटला नाही. "सकाळी खोटं सांगितलंस. मग आता खरं बोलायलीस कशावरून?"

बरोबर विचारलं होतं त्यानं. भीतीनं तिला रडू फुटलं.

"माझ्यावर भरवसा ठेवूच नका," ती म्हणाली. "मी सकाळी जे विचारायला पाहिजे होतं ते तुम्ही विचारा. सगळ्यांदेखत. दत्ता, तू विचार."

दत्ता गडबडला. दोनशे माणसं त्याच्याकडं बघायला लागली. "मावशी," तो भिवराबाईला म्हणाला, "लेकरू कुनाचं हाय?"

"माज्या लेकीचं. बबिताचं. ती म्होरं मानवतच्या बाजूला ग्येली हाय दुसरा कळप घिऊन. लाव की फोन, घे, ह्यो नंबर."

दत्तानं व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर बाई दिसली, धापा टाकत, कुठल्याशा बांधावर. "सोनू? आगं सोनू!" आणि पदराखालून ती पोरगी अशी काही उसळली, "आये, आये" करत मोबाइलला दोन्ही हातांनी अशी काही चिकटली, की धिप्पाड माणसानं आपला मोबाइल खिशात घातला आणि तो दुसरीकडं बघायला लागला. दगड खाली पडला. तो कोणी टाकला, हे कोणीही कबूल केलं नसतं. ठाण्याची गाडी आली तोवर निम्मे लोक पांगलेही होते.

गाडीतून उतरलेल्या पोलीस साहेबांनी रायभानच्या कानाला पट्टी बांधवली, गर्दीतल्या चौघांची नावं लिहून घेतली. माणिकरावांचा फोन आला. पेजचा पासवर्ड बदललाय, उद्यापासून येऊ नकोस, एवढंच बोलून त्यांनी ठेवला. दीपिका कठड्यावर बसली. मी वाचले, असं तिला वाटलं, आणि ते वाटल्याची लाजही वाटली.

"मावशी, मीसुद्धा लहानपणी अशीच तट्टावर बांधलेली असायचे," ती भिवराबाईला म्हणाली. का म्हणाली, देव जाणे. माफी मागायची ही कुठली रीत!

भिवराबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. "आन् तरी ल्हिलंस?"

दीपिकानं होकारार्थी मान हलवली.

"सकाळचं किती लोकांनी बघितलं गं?" म्हातारीनं विचारलं.

"उडवली तेव्हा एकेचाळीस हजार झाले होते."

"आन् आताचं, तुजं रडत बोललेलं?"

तिनं मोबाइल बघितला. "तीनशे बारा."

भिवराबाईनं तट्टाची वळकटी आवळली. "मानवतपातूर चार दिसांची वाट हाय आमची. अकरा गावं लागत्यात. त्या गावांनी कंचं बघितलं असंल?"

साहेब म्हणाले, तुम्हाला गाडीतून सोडतो. पण दीडशे मेंढ्या गाडीत कुठं बसवणार, आणि मेंढ्या सोडून रायभान तरी कुठं बसणार! पुढच्या ठाण्याला कळवतो म्हणून सांगून गाडी गेली. दीपिकानं स्कूटी दत्ताच्या दुकानापुढं लावली आणि ती मेंढ्यांबरोबर चालायला लागली. भिवराबाई तिला या म्हणाली नाही आणि जा पण म्हणाली नाही.

पहिलं गाव पाऊण तासात आलं. उन्हं डोक्यावर होती. वेशीपाशी लिंबाखाली दहा-बारा माणसं उभी होती, तिघाचौघांच्या हातात काठ्या. एकानं मोबाइल वर धरला, फोटो बघितला, तट्टावरच्या सोनूकडं बघितलं आणि मागच्यांना हाका घातल्या. आणखी माणसं घरांतून बाहेर यायला लागली. रायभानचे पाय जागीच थांबले.

दीपिकाचेही थांबत होते. इथं पोलीस नव्हते, पेज नव्हतं, दत्ताही नव्हता. जीव मुठीत धरून ती तट्टाच्या पुढं गेली, दोन्ही हात वर केले, आणि काठ्यांकडं चालत चालत, फाटलेल्या आवाजात, आधी स्वतःचं नाव सांगितलं आणि मग म्हणाली, "ती बातमी मी लिहिली होती."