बोटभर उंच टेबल

दोन शेजारी देश. दोघेही एवढे मोठे की एकाने कूस बदलली तर दुसऱ्याच्या घरातली भांडी पडायची. भांडण जुनं. एकदा तर आमच्याकडून पलीकडे जाणाऱ्या वाऱ्यावर त्यांनी जकात लावली. मग आमच्यांनी त्यांचे ढग नाक्यावर अडवले. बिचारे तिथेच गळत उभे राहिले. खोटं वाटत असेल तर नाक्याच्या भिंतीची ओल बघून या.

शेवटी बोलणी करायचं ठरलं. नाक्यावर मधोमध एक दालन, फरशीवर पांढरा पट्टा, पट्ट्याच्या अलीकडे आपण आणि पलीकडे ते. टेबल कोणाचं, यावरच हिवाळा सरला. मग तोड निघाली. अर्धं टेबल आम्ही करायचं, अर्धं त्यांनी, आणि दोन्ही अर्धी पट्ट्यावर आणून जोडायची.

आमचं अर्धं सुताराकडे आलं. हा माणूस असा की झोपेत खाट डुगडुगली तर डोळे न उघडता पायाखाली पाचर ठोकायचा. त्याची एकुलती लेक पलीकडे दिलेली, आणि तिचे सासरे तिकडचे सुतार. म्हणजे एकाच टेबलाची दोन अर्धी दोन व्याही करणार. लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण, घरात सासू नाही, आणि नाक्यावरचा माणसांचा दरवाजा बंद.

शिष्टमंडळाचे साहेब स्वतः कारखान्यात आले. भुशातून बूट उचलत म्हणाले, "आपली बाजू बोटभर उंच ठेव. समोरच्याच्या डोळ्यांना नाही कळलं तरी चालेल, कोपराला कळलं पाहिजे."

"साहेब, सांधा वर-खाली होईल."

"होऊ दे. माणसांचा दरवाजा उघडायचा की नाही, ते माझ्या हातात आहे. तुझी लेक पलीकडेच ना?"

सुताराने मान डोलावली. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "बोटभर कशाला, हातभर उंच करा. मला पोरीजवळ जायचंय."

ठरल्या दिवशी दोन्ही अर्धी पट्ट्यावर आली. दालनात कोणी आधी पाऊल टाकायचं यावर दोन्ही शिष्टमंडळं बाहेर हुज्जत घालत होती, त्यामुळे सुतारांना वेळच वेळ. व्याह्यांनी जोडावरून अंगठा फिरवला. अंगठा अडला.

"हे काय, व्याहीबुवा?"

"कुठे काय?"

"पायरी केलीत की. चढू का उतरू?"

दोन्हीकडचे हमाल फिदीफिदी हसले. सुताराला साहेबांचं गुपित सांगायची सोय नव्हती.

"असू दे, असू दे," व्याही म्हणाले. "मुलगी सुबक दिलीत. एखाद्याचा हात एकदाच साधतो."

त्या क्षणी सुताराच्या डोक्यात देश होता, साहेब होते, लेक तर होतीच. पण हाताला डोकं कुठे असतं? त्याने अर्धं टेबल पालथं घातलं आणि चारही पाय बोट-बोट कापले. पुन्हा जोडलं. असा सांधा बसला की वरून मुंगी गेली असती तर परदेशात गेल्याचं तिला कळलं नसतं.

"हं," व्याही म्हणाले. "आता कसं."

तेवढ्यात मंडळी आत आली. साहेबांनी कोपर टेकला, उचलला, पुन्हा टेकला. मग बुटाखाली काही लागलं म्हणून वाकून बघितलं. लाकडाची चकती. ती त्यांनी खिशात घातली.

बोलणी मात्र झकास झाली. खिळे, सरस, बल्ब, कापड, सगळा माल मोकळा झाला. राहता राहिला माणसांचा दरवाजा. पलीकडचे तयारच होते. साहेब खिसा चाचपत म्हणाले, "हा विषय पुढच्या बैठकीत."

सुतार कचेरीत जाऊन उभा राहिला. "साहेब, चूक झाली. चिकटवून देतो."

साहेबांनी चकती त्याच्यासमोर ठेवली. "हा पायाचा तुकडा नाही, देशाची उंची आहे. ती तू व्याह्याच्या पायाशी ठेवलीस. जा. आता फक्त माल जाईल."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "व्याह्यांपुढे नाक वर राहिलं ना तुमचं? मग झालं. पोर कण्हत बसू दे एकटी." तिने चुलीतली लाकडं पुढे सारली. मग म्हणाली, "माल जातो ना? मला माल करा."

सुताराने कपाट केलं. आत फळ्या नाहीत, दारावर कोरलेल्या फुलांना बारीक भोकं. नाक्यावर कारकुनाने टकटक केली तर कपाट शिंकलं. कारकून जाणता होता. म्हणाला, "ओलं लाकूड बोलतं कधीकधी," आणि शिक्का मारला. ट्रक गेला.

पुढच्या महिन्यात तोच ट्रकवाला परत आला.

"काका, नात झाली. दोघी सुखरूप आहेत, व्याह्यांचा निरोप आहे."

"आणि ही?"

"निघाल्या होत्या त्याच कपाटात बसून. आपल्याच लोकांनी नाक्यावरून परत फिरवलं. वापरलेला माल आत घ्यायचा नाही, नवा नियम झालाय."

"कोणी केला?"

ट्रकवाल्याने खांदे उडवले. "साहेबांचं काम."

सुताराने चाकाला हात टेकवला. "बरं, नात कोणावर गेलीय?"

"ते नाही बुवा सांगितलं. मागच्या गाड्या पण तिकडूनच आल्यात. विचारून बघा."

मागे ट्रकांची रांग होती, पार क्षितिज ओलांडून गेलेली. सुतार एकेका गाडीपाशी थांबून विचारत निघाला. एकाकडे खिळे होते, दुसऱ्याकडे सरस, तिसऱ्याकडे बल्ब. नातीचं कोणालाच ठाऊक नव्हतं.